दाराच्या तळाची भोकं बुजवू नका
‘गच्चीची डांबरी पट्टी गाडीच्या दारात आतून सगळीकडे चिकटवा, तळाची भोकंही बुजवा, स्पीकर दणदणीत वाजेल’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. काचेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच आणि त्याच भोकांतून बाहेर पडतं. ती बुजली की दार आतून गंजतं. परवा असंच एका दाराचं डोअर पॅड (आतलं आवरण) उघडलं, तर तळाशी बोटभर पाणी आणि उन्हाने ओघळलेलं डांबर! पत्र्याची थरथर थांबवायला अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलं ब्युटाइल (चिकट रबरासारखं) शीट लावा. स्पीकरमागे आणि टिचकी मारल्यावर पत्रा ठणठणतो तिथे लावलं तरी पुष्कळ फरक पडतो. सगळा पत्रा मढवायला नको. पावसाळा तोंडावर आहे, कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.