ब्रिज मोडसाठी विनवण्या
स्वतःच्या पैशाने चांगला राउटर घेतला असला, तरी इंटरनेट कंपनीने दिलेला फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये, म्हणजे स्वतः राउटर न होता इंटरनेट नुसते माझ्या राउटरकडे पोचवण्याच्या मोडमध्ये, टाकून घेण्यासाठी मला वारंवार कस्टमर केअरच्या विनवण्या कराव्या लागतात, कारण तिकडून परस्पर फर्मवेअर अपडेट येतो आणि सगळी सेटिंग्ज पुसून तो डबा पुन्हा स्वतःच राउटर होऊन बसतो. मग एका नॅटमागे (घरातली सगळी उपकरणे बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणारी राउटरची सोय) दुसरा नॅट उभा राहतो, दोन्ही राउटर १९२.१६८.१.१ हाच पत्ता धरून बसतात आणि कॅमेऱ्याचे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याची वाट, बंद पडते. फोनवर मात्र “सर, एकदा बंद करून चालू करा” एवढा एकच मंत्र ऐकवला जातो. ब्रिज मोड म्हणजे काय, हे (अर्धा तास होल्डवर राहून) त्यांनाच मी समजावायचे, आणि ॲडमिनचा पासवर्ड मागितला की तो म्हणे ग्राहकाला देता येत नाही. डबा चालतो मात्र माझ्याच विजेवर!