मिल्टनही नाही, केन्सही नाही

एक मजकूर अधूनमधून फिरत फिरत फोनवर येतो. त्याचा आशय असा: १९६७ साली इंग्रजांनी रिकाम्या माळावर एक नवंकोरं शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं मिल्टन कीन्स, म्हणजे महाकवी जॉन मिल्टन अधिक अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स. काव्य आणि अर्थशास्त्र एकाच पाटीवर! पुढे ‘नाहीतर आपण’ छापाची एक ओळ असतेच. कधी कवीला बाजूला सारून तिथे मिल्टन फ्रीडमन हा दुसरा अर्थतज्ज्ञ आणून बसवतात. गोष्ट इतकी गोड आहे की कुणी तपासायला जात नाही.

यातलं १९६७ तेवढं खरं. त्या वर्षीच्या २३ जानेवारीला बकिंगहॅमशर परगण्यातली सुमारे २२ हजार एकर जमीन नव्या शहरासाठी सरकारने अधिकृतपणे राखून ठेवली. पण ‘मिल्टन कीन्स’ हे नाव त्या दिवशी कुणी बसून तयार केलेलं नाही. त्या जमिनीवर एक लहानसं खेडं होतं, त्याचंच नाव शहराने उचललं.

खेडं किती जुनं? इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमने १०८६ मध्ये जमिनी कुणाच्या, नांगर किती, गिरण्या किती याची मोजदाद करवली. ते दफ्तर ‘डूम्सडे बुक’ म्हणून ओळखलं जातं आणि त्यात हे गाव ‘मिडेलटोन’ असं नोंदलेलं आहे. ‘मिडल’ म्हणजे मधलं आणि ‘टोन’ म्हणजे वस्ती, वाडी. थोडक्यात मधलीवाडी. बोलता बोलता मिडेलटोनचं मिल्टन झालं. कवी मिल्टनचा जन्म १६०८ चा, म्हणजे या नोंदीनंतर पाचशे वर्षांहून जास्त काळाने झालेला.

आता ‘कीन्स’. आपल्याला खरं तर हे इंग्रजांपेक्षा लवकर कळायला हवं. पुणे जिल्ह्यातच दोन तळेगावं आहेत, म्हणून एक तळेगाव दाभाडे आणि दुसरं तळेगाव ढमढेरे. गावाचं नाव सामान्य असलं की घोळ टाळायला मागे तिथल्या मातब्बर घराण्याचं नाव लावायचं. इंग्लंडात मिडल्टन आणि मिल्टन पैशाला पासरी. आपल्या या मिडेलटोनची जहागीर फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या काहान्य गावाहून आलेल्या घराण्याकडे गेली. तेराव्या शतकातल्या कागदांत गाव ‘मिडेलटन केन्स’ झालेलं दिसतं आणि पंधराव्या शतकापर्यंत ‘मिल्टन कीन्स’. याच घराण्याचं शेपूट लागलेली आणखीही गावं आहेत: ससेक्समधलं हॉर्स्टेड केन्स, विल्टशरमधलं अ‍ॅश्टन केन्स, डॉर्सेटमधलं कूम केन्स. अर्थतज्ज्ञावरून नाव ठेवलं म्हणणाऱ्यांनी या खेड्यांची व्यवस्था लावून दाखवावी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. अर्थतज्ज्ञ केन्सचं घराणंही आपली मुळं त्याच नॉर्मन काहान्य घराण्यापर्यंत नेत असे. म्हणजे शहराला केन्सचं नाव मिळालेलं नाही. शहराचं नाव आणि त्या माणसाचं आडनाव एकाच गावाकडे बोट दाखवतात. १८८३ मध्ये केंब्रिजला जन्मलेला हा माणूस १९०६ मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसात, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्यात, नोकरीला लागला आणि १९१३ साली आलेलं त्याचं पहिलं पुस्तक आपल्या रुपयावरचं होतं. आपल्याकडच्या वाचकाला तो जवळचा वाटतो तो काही उगाच नाही. पण म्हणून शहर त्याचं होत नाही.

उच्चाराची साक्षही हेच सांगते. इंग्रजीत दोन्ही नावांचं स्पेलिंग एक, पण उच्चार वेगळे. अर्थतज्ज्ञ ‘केन्स’, शहर ‘कीन्स’. इंग्रजी अक्षरांत हा फरक लपून जातो, देवनागरीत चटकन उघडा पडतो. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ‘केन्स’ आणि शहरासाठी ‘कीन्स’ लिहिलं जातं. हा फॉरवर्ड मुळात मराठीत जन्मला असता तर पहिल्याच ओळीत अडखळला असता.

मग ही जोडी सुचली कुणाला? नव्या शहराची आखणी चालू असताना गृहनिर्माण मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी नकाशावर हे नाव पाहून कवी आणि अर्थतज्ज्ञ अशी कोटी केली, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा मानला तरी क्रम लक्षात घ्या: नाव नकाशावर आधीच होतं, कोटी नंतरची.

फ्रीडमनवाल्यांसाठी फार वेळ घालवायला नको. १९६७ मध्ये तिथे हॅरॉल्ड विल्सन यांचं मजूर पक्षाचं सरकार होतं. त्यांनी सरकारी खर्चाच्या कट्टर टीकाकाराचं नाव सरकारी खर्चाने बांधलेल्या शहराला द्यावं? शिवाय एकाचं पाळण्यातलं नाव, दुसऱ्याचं आडनाव. टिळक आणि गोखले या दोघांच्या स्मरणार्थ एखाद्या गावाला ‘बाळ गोखले’ म्हणावं, तसलं झालं हे.

‘रिकामा माळ’ या शब्दाचा मात्र मला जास्त राग येतो. त्या हद्दीत तेव्हा सुमारे ४० हजार माणसं राहत होती. ब्लेचली होतं, जिथल्या हवेलीच्या आवारात दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे एनिग्मा यंत्राने पाठवलेले गुप्त संदेश फोडले गेले. वुल्व्हरटन होतं, १८३८ पासूनच्या रेल्वे कारखान्याचं गाव. स्टोनी स्ट्रॅटफर्ड होतं, जिथे १४८३ मध्ये पुढे तिसरा रिचर्ड झालेल्या काकाने बारा वर्षांच्या राजा पाचव्या एडवर्डला ताब्यात घेतलं. आणि २००० साली याच शहराच्या हद्दीतल्या शेतात कांस्ययुगातलं सोनं सापडलं: मातीच्या भांड्यात गळ्यातली दोन जाड कडी, हातातली तीन, मिळून दोन किलोंच्या आसपास. ‘इतिहास नसलेल्या’ जागेत तीन हजार वर्षांपूर्वीचं कुणाचं तरी दागिन्यांचं गाठोडं.

याच फॉरवर्डचा एक तिरकस भाऊही आहे. त्याच्या मते हे शहर म्हणजे चौकोनी रस्ते, गोल चौक आणि काँक्रीटच्या गाई; स्वतःची ओळख शून्य. गाई आहेत, खऱ्याच. लिझ ले या शिल्पकर्तीने १९७८ मध्ये केल्या. सगळ्या देशाने त्यांची टिंगल केली आणि गावकऱ्यांनी त्याच मिरवायला घेतल्या. रस्ते आखीव आहेत हेही कबूल. उभ्या रस्त्यांना व्ही आणि आडव्यांना एच, पुढे आकडा. वाचायला हिशेबाच्या वहीसारखं लागतं. पण त्यातला व्ही-४ बघा: त्याचं नाव वॉटलिंग स्ट्रीट, रोमनांचा रस्ता. शेनली, लाउटन, ब्रॅडवेल, विलेन हे नव्या शहराचे भाग जुन्या खेड्यांचीच नावं लावतात. स्टोनी स्ट्रॅटफर्डचा माणूस आजही आधी स्टोनीचं नाव घेतो, शहराचं मागून. आपल्याकडे चिंचवडचा माणूस पुण्याचा म्हणवून घ्यायला जितका वेळ लावतो, तितकाच.

बाकी शहर म्हणून त्याला मान्यता मिळायला २०२२ उजाडलं. राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाला ७० वर्षं झाली, तेव्हा ‘सिटी’ हा दर्जा मिळाला. तोवर तिथल्या पाट्यांवर ‘सिटी सेंटर’ लिहिलेलंच होतं, कायद्याची वाट न बघता.

ज्या खेड्यावरून हे सगळं सुरू झालं ते अजून आहे. गवती छपराचा एक जुना पब आहे, दगडी चर्च आहे. पण शहराने नाव नेल्यामुळे पंचाईत अशी झाली की मूळ गावालाच ‘मिल्टन कीन्स व्हिलेज’ असं सांगून वेगळं ओळखावं लागतं. आणि त्या वस्तीच्या भागाला हल्ली जे नाव आहे ते मिडल्टन. १०८६ चं मिडेलटोन, जवळजवळ तसंच.