नवख्यास मोटारशर्यतीच्या नादापासून कसे वाचवावे

आपल्या घरात किंवा नात्यात असा एखादा माणूस असेल, की ज्याने आजवर मोटारशर्यत या प्रकाराकडे ढुंकूनही पाहिलेले नाही, आणि तो एखाद्या गाफील संध्याकाळी शर्यतीवरचा चित्रपट पाहायला बसलाच, तर या खेळातले जाणकार म्हणून आपल्यावर फार मोठी जबाबदारी येऊन पडते. चित्रपट चांगला निघाला, तर तो माणूस दोन तासांत या खेळाच्या प्रेमात पडण्याचा धोका असतो. हा अनर्थ कसा टाळावा, याचे काही उपाय पुढे देत आहे. ते सर्व अनुभवसिद्ध आहेत, कारण गेल्या शनिवारी ते माझ्यावरच करून पाहण्यात आले.

आधी रोग्याची पूर्वस्थिती सांगतो. वीस-पंचवीस गाड्या एकाच रस्त्यावर पन्नास-साठ वेळा फिरतात आणि जिथून निघाल्या तिथेच परत येतात, यात पाहण्यासारखे काय असते, हे मला चाळिशी उलटली तरी कळले नव्हते आणि कळून घेण्याची इच्छाही नव्हती. घाण्याचा बैलही तेच करतो, पण त्याच्या फिरण्यातून निदान तेल तरी निघते, हा विनोद मी दर वेळी करीत असे आणि दर वेळी तो मला नव्याने आवडत असे. त्या रात्री मुक्कामाला आलेल्या मेहुण्यांनी ‘रश’ हा रॉन हॉवर्ड यांचा २०१३चा चित्रपट लावला, तेव्हा मी वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेऊन शेजारी बसलो होतो, ते केवळ घरच्या माणसाचा मान राखावा म्हणून. त्या कोड्यातले सात उभे शब्द आजही रिकामे आहेत.

मला कशाने पकडले, तेही नेमके सांगता येईल. निकी लाउडा एका अनोळखी बाईच्या गाडीत बसून निघालेला असतो आणि बसल्या बसल्या, बॉनेट उघडून न पाहता, त्या गाडीत काय काय बिघडले आहे याची यादी सांगू लागतो. बाईंना ती फुशारकी वाटते. थोड्या वेळाने गाडी बंद पडते. शर्यतीचा ड्रायव्हर म्हणजे पाय दाबून धरणारा धाडसी इसम, एवढीच माझी समजूत होती. वैद्याने नाडीवर बोट ठेवावे तसा बसल्या जागी यंत्राचा ठोका ओळखणारा हा उद्धट माणूस माझ्या हिशेबातच नव्हता. मी पेनाला टोपण लावले. जाणकारांनी ही खूण ओळखायला शिकावे. पेनाला टोपण लागले, की उपचारांना उशीर करू नये.

सर्वप्रथम रिमोट ताब्यात घ्यावा.

त्यानंतर, पडद्यावरची दोन माणसे एकमेकांशी भांडू लागली, की चित्रपट थांबवून सांगावे, की हे असे नव्हतेच, लाउडा आणि त्याचा प्रतिस्पर्धी ड्रायव्हर जेम्स हंट प्रत्यक्षात चांगले मित्र होते. हंट एका बातमीदाराला बदडतो, तिथे पुन्हा थांबवून हाही प्रसंग कपोलकल्पित असल्याचे जाहीर करावे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मी नंतर वाचून पाहिले. परंतु सत्य केव्हा सांगितले म्हणजे त्याचा जास्तीत जास्त उपद्रव होतो, याचे एक शास्त्र आहे आणि मेहुण्यांचा त्यात हातखंडा आहे.

‘अंडरस्टिअर’ हा शब्द दर दहा मिनिटांनी वापरावा आणि त्याचा अर्थ कोणी विचारलाच, तर नुसते हसावे.

आता मुख्य उपाय. चित्रपट १९७६च्या फॉर्म्युला वन हंगामाचा आहे, एवढे मला एव्हाना कळले होते. पुढे काय घडते, याची मला अजिबात कल्पना नव्हती. १ ऑगस्ट १९७६, जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा रस्ता. एक फेरी जवळजवळ २३ किलोमीटरांची. रस्ता ओला, आणि अशा स्थितीत इथे धावू नये म्हणून लाउडा स्वतः सहकाऱ्यांपुढे बोलतो, मतदान होते, तो हरतो आणि मग निमूटपणे गाडीत बसतो. दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी कडेच्या बांधावर आदळते, पेटते, आणि मागून आलेले ड्रायव्हर आपापल्या गाड्या सोडून त्याला आगीतून ओढू लागतात. त्या क्षणी मेहुण्यांनी चित्रपट थांबवला. पडद्यावर ज्वाळा गोठलेल्या, त्यांच्या मधोमध त्या दोन पांढऱ्या उभ्या रेघा, आत माणूस जळतो आहे, आणि मेहुणे मला स्पेनच्या शर्यतीनंतर हंटची गाडी १.८ सेंटिमीटरने जास्त रुंद भरल्यामुळे त्याचा विजय कसा रद्द झाला आणि अपिलात तो कसा परत मिळाला, हे समजावून सांगत आहेत. १.८ सेंटिमीटर म्हणजे किती, हे त्यांनी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये मापून दाखवले. मी त्यांच्या खांद्यावरून त्या जळत्या गाडीकडे पाहत होतो.

पुढे इस्पितळात लाउडाच्या घशातून नळी घालून त्याची फुप्फुसे साफ करतात आणि त्याच वेळी तो टीव्हीवर हंटला जिंकताना पाहत असतो. हे दृश्य मला पूर्ण पाहू देण्यात आले, याबद्दल मी आभारी आहे. मेहुण्यांना नेमका तेव्हा फोन आला होता. मग भाजलेल्या डोक्यावर हेल्मेट चढवण्याचा तो प्रयत्न. मग इटलीतल्या मॉन्झाची शर्यत, अपघातानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, आणि तिथे चौथा क्रमांक. घाण्याच्या बैलाचा विनोद करणारा मी तोपर्यंत सोफ्याच्या कडेवर येऊन बसलो होतो आणि मांडीवरची उशी दोन्ही हातांनी आवळून धरली होती. चित्रपट संपायला वीसेक मिनिटे उरली होती. अजूनही वेळ गेलेली नव्हती. कसलेला जाणकार अशा शेवटच्या क्षणीही रोगी वाचवू शकतो.

जपानमधले फुजी. हंगामातली शेवटची शर्यत. २४ ऑक्टोबर. धो धो पाऊस. लाउडा तीन गुणांनी पुढे आहे आणि दोन फेऱ्यांनंतर, ज्याने आगीतून उठून सहा आठवड्यांत गाडी हाकली, तोच माणूस आपणहून पिटमध्ये, म्हणजे गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागी, येऊन गाडीतून उतरतो. का उतरला, हे मला माझे मला समजून घ्यायचे होते. तेवढ्यात इकडे हंटच्या टायरने दगा दिला, तो पिटमध्ये आला, क्रमांक घसरला, शेवटच्या फेऱ्या उरल्या, आणि पुन्हा त्या दोन पांढऱ्या रेघा.

“काळजी करू नका हो,” मेहुणे म्हणाले, “तिसरा येतो. एका गुणाने विश्वविजेता. ६९ आणि ६८.” आणि एवढ्यावर न थांबता, “खरे म्हणजे चौथा आला असता तरी भागले असते. गुण सारखे झाले असते, पण शर्यती हंटने जास्त जिंकलेल्या होत्या ना.”

“हे काय करून टाकलेत?” म्हणून मी विचारले, तर त्यांनी जे उत्तर दिले, ते सर्व जाणकारांनी पाठ करून ठेवावे इतके अमोघ आहे. “अहो, हा इतिहास आहे. त्यात काय लपवायचे?”

इतिहास तुमच्यासाठी. माझ्यासाठी १९७६ साल त्या शनिवारी रात्री सव्वादहाला चालू होते. हंट अजून धावतच होता, निकाल अजून लागायचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी एका गाडीसाठी श्वास रोखून धरला होता. न कळण्याची ती वीस मिनिटे मला पुन्हा मिळणार आहेत का? सकाळी सगळे निजलेले असताना मी आवाज बारीक करून तो शेवट पाहिला, आणि दिग्दर्शकाची कमाल अशी, की आकडे ठाऊक असूनही छाती धडधडली. पण धडधडताना मनात ६९ आणि ६८ मेहुण्यांच्या आवाजातच ऐकू येत होते.

गेली वीस वर्षे तुम्ही आमच्याकडे आलात, की हीच तक्रार ऐकवता. या घरात शर्यतीचे कोणाला काही कळत नाही, अवेळी उठून एकट्यालाच पाहत बसावे लागते, बोलायला माणूस नाही. वीस वर्षांत तुमच्या बोलण्याने मी एक फेरीसुद्धा पाहिली नाही. एका चित्रपटाने तासाभरात मला ओढून तुमच्या शेजारी आणून बसवले. ज्याची वाट पाहत होतात, तो माणूस समोर उशी कवटाळून बसलेला होता, आणि तुम्ही त्याची तोंडी परीक्षा घेत होतात. चित्रपट आवडला म्हणालो, तर “चित्रपट पाहून झालेले चाहते फार दिवस टिकत नाहीत” म्हणालात. मग तुम्ही काय, जन्मतःच गुणतालिका हातात घेऊन आला होतात?

आणि सांगण्याची एवढी हौस होती, तर चित्रपट संपल्यावर सांगायचे होते. मी स्वतःच विचारले असते, पहाटेपर्यंत बसलो असतो. शेवटी रविवारचा दिवस मी एकट्याने वाचण्यात घालवला. शर्यत संपल्यावर आपण कितवे आलो हेच हंटला ठाऊक नव्हते आणि तो गाडीतून उतरून आपल्याच लोकांवर ओरडत सुटला, हे मी वाचले. लाउडा १९७७मध्ये पुन्हा विजेता झाला, मग निवृत्त झाला, परतला, आणि १९८४मध्ये तिसऱ्यांदा जिंकला, तोही अर्ध्या गुणाने. अर्ध्या गुणाने! १९७६मध्ये जो एका गुणाने हरला, तो आठ वर्षांनी अर्ध्याने जिंकला, आणि ही गोष्ट, जी चित्रपटात नव्हती, जी सांगितल्याने कशाचाच विचका झाला नसता, जी ऐकून मी उडालोच असतो, ती सांगायला तेवढी तुमची जीभ वळली नाही.

येत्या शनिवारी मी ल मॉन्सच्या २४ तासांच्या शर्यतीवरचा चित्रपट लावणार आहे. त्यात कोण जिंकतो, मला ठाऊक नाही. यायचे असेल तर जरूर या, तुमची नेहमीची खुर्ची मोकळी ठेवतो. पण तोंड मिटून बसायचे, आणि रिमोट माझ्या मांडीखाली असेल.