कण्हेर आज छाटली

आज सकाळी आमच्या फाट्यावर हायवेच्या डिव्हायडरमधली कण्हेर छाटायला माणसं आली. का? तर परवा तिथं एक पोरगं अपघातात गेलं.

फाटा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावातून येऊन कागलकडं वळायचं तर डिव्हायडर जिथं तोडलाय तिथं थांबायला लागतं. टू-व्हीलरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरनं कण्हेर गेलेली. पुण्याकडनं येणारी गाडी बघायची तर पुढचं चाक लेनमध्ये घालायचं, मगच दिसणार.

माझे मामा इथंच गेले. गळीत हंगाम, रात्रीची वेळ. एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट संपवून घरी निघालेले. उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळत होता. मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही, फाट्यावर दिवा नाही. आणि गुन्हा कुणावर? मामांवर! हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत. मामीला ते वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आता ह्यास्नीच गुन्हेगार केलं व्हय?"

परवाच्या पोराचंही तसंच लिहिणार, बघा.

हो, उलट्या बाजूनं गाड्या घालणारे आपणच, हेल्मेट टाकीवर ठेवणारेही आपणच. मान्य. पण म्हणून फाट्यावर दिवा नको?

सरकारी हिशेबात ब्लॅक स्पॉट कधी होतो माहितीय? साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमांचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे मामा एक, परवाचं पोरगं दोन. असे अजून तीन अपघात होऊ द्या, मग साहेब फाईल उघडतील. काय राव, माणसं हायत का उसाच्या मोळ्या?

कायदा नाही असंही नाही. २०१९ च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याच्या रचनेत, बांधकामात, देखभालीत कसूर झाली आणि त्यामुळं माणूस मेला, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना दंड. किती? १ लाखापर्यंत. चालकाच्या निष्काळजीपणानं माणूस मेला तर त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बरं, तो १ लाख तरी कुणाकडनं वसूल झालेला तुम्ही ऐकलाय? मामांच्या वेळी आम्ही दिव्यासाठी अर्ज घेऊन फिरलो. एक म्हणाला हायवेवाल्यांकडं जा, दुसरा म्हणाला बांधकामवाल्यांकडं, तिसरा म्हणाला ही आमची हद्दच नाही. मरायला बरी हद्द सापडते.

सकाळी त्या छाटणाऱ्यांवरच ओरडणार होतो. मुकादम वयस्कर होता. फांद्या ओढता ओढता म्हणाला, "मालक, आमाला काल सांगितलं, आज आलो." त्याला काय बोलणार? त्याच्या हातात कोयता, अंगावर साधं चमकणारं जाकीटसुद्धा नाही, आणि दोन हातांवरनं ट्रक जात होते. गाडी आडवी लावून थोडा वेळ थांबलो तिथंच. त्याचं काही झालं असतं तर त्याच्याही नावावर काहीतरी लिहिलं असतं यांनी.

ही कण्हेर पावसाळा झाला की परत वाढणार. म्हणून सोमवारी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. डिव्हायडर तोडायला मंजुरी कुणी दिली, सही कुणाची, छाटणीचं बिल कुणाला आणि किती वेळा निघालं, दिव्याचा आमचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे. मामी सही करायला येणार आहे. फाट्यावरनं रोज जाणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये नाव कळवा. आणि "सिस्टीमच तशी आहे दादा" असली कमेंट कृपया आज नको.