टेबलावर चालतंय म्हणे!

"आमच्याकडे टेबलावर व्यवस्थित चालतंय, सर." हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर कोणी उच्चारलं ना, तर त्याला गाडीत घालून रात्री दोन वाजता जुन्नरच्या उसाच्या बांधावर नेऊन उभा करणार आहे मी.

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. शेतपंपाचे मोबाइल स्टार्टर बनवतो. घरबसल्या फोन लावायचा, विहिरीवरची मोटर सुरू. पॅनल, कॉन्टॅक्टर, वायरिंग सगळं आमचं. आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड आणि त्यातला प्रोग्राम मात्र बाणेरच्या एका डिझाइन कंपनीकडून करून घेतला. आमच्याकडे प्रोग्रामर नाही, म्हणून काम बाहेर दिलं. त्यात गैर काही नाही, सगळेच देतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला चाळीस नग बसवले. फेब्रुवारी अर्धा होतोय तोच फोन सुरू. ओतूरजवळचे एक काका रात्री सव्वाबाराला म्हणाले, "सायेब, तुमचं मशीन माझा फोनच घेईना. रातीची लाइट हाय, कांदा सुकायला लागलाय. उसात बिबट्या हाय, परवाच वासरू नेलं. आता म्या जाऊ का विहिरीवर?"

काय उत्तर द्यायचं सांगा. हा माणूस रात्री उसातून चालत जायला लागू नये, एवढ्यासाठीच तर त्याने ते यंत्र घेतलं होतं!

बाणेरला फोन केला तर पहिलं उत्तर "नेटवर्कचा इश्यू असेल." दुसरं "व्होल्टेज फ्लक्च्युएट होत असेल." अहो, गावात व्होल्टेज वरखाली होणारच, ते धरूनच यंत्र बनवायचं असतं. तिसरं उत्तर ते टेबलाचं. शेवटी एसटी पार्सलने परत आलेली कार्डं घेऊन मीच एका जुन्या मित्राकडे बसलो. त्याने दोन संध्याकाळी घालवून दुखणं शोधलं.

मोटर किती चालली याचा हिशेब ठेवायला प्रोग्राम दर मिनिटाला चिपच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे लाइट गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, एक आकडा लिहीत होता. मोटर चालू असो वा बंद. आणि दर वेळी त्याच जागेवर. त्या चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, स्वच्छ छापलंय, एका जागेवर १,००,००० वेळा लिहिता येईल. त्यापुढे हमी नाही. दिवसाची मिनिटं १४४०. करा भागाकार. ६९ दिवस! डिसेंबर ते फेब्रुवारी. ती जागा खराब झाली की चेकसम, म्हणजे साठवलेले आकडे बरोबर आहेत ना हे पडताळणारी बेरीज, जुळत नाही, मग प्रोग्राम सगळी सेटिंग पुसून कोरा होतो. त्यातच शेतकऱ्याचा नोंदवलेला नंबरही जातो. काकांचा फोन यंत्राने घेतला नाही तो यामुळे.

आणि यांची टेस्टिंग किती? ४८ तास. म्हणजे २८८० वेळा लिहून झालं, आयुष्याचे तीन टक्केसुद्धा नाहीत, आणि रिपोर्टवर "पास" असा शिक्का. तोच आकडा ५० जागांवर आळीपाळीने लिहिला असता तर हीच चिप साडेनऊ वर्षं पुरली असती. यात काही मोठी विद्या नाही. डेटाशीट उघडायची तसदी घेतली असती तरी पुरे होतं.

दुरुस्त करा म्हटलं तर "हे स्कोपमध्ये नव्हतं, चेंज रिक्वेस्ट टाका." यंत्र सत्तर दिवसांपेक्षा जास्त चालावं हे वेगळं लिहून द्यायचं असतं का? सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम मागितला, तर नुसती हेक्स फाइल हातात; ती चिपमध्ये भरता येते, वाचून दुरुस्त करता येत नाही. ज्या मुलाने प्रोग्राम लिहिला तो नोकरी सोडून गेला. वर, न विचारता कार्डावरचे १०५ अंश उष्णता सोसणारे कपॅसिटर काढून ८५ अंशांचे टाकलेत, काही रुपये वाचवायला. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत हात घालून बघा म्हणावं. तापमान दहा अंशांनी वाढलं की दर वेळी कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, हे तापकीर गल्लीतला दुकानदारही सांगेल.

आमची चूक आहेच, आणि तिचाच जास्त संताप येतो. करारात स्क्रीनचा रंगसुद्धा लिहिला, पण यंत्र किती वर्षं चाललं पाहिजे याची एक ओळ नाही. कोड आमच्या ताब्यात हवा, पार्ट बदलण्याआधी विचारायला हवं, हेही नाही. सगळ्यात स्वस्त कोटेशन बघून सही केली. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान बुडालं ते कंत्राटदाराच्या सॉफ्टवेअरने न्यूटनऐवजी पाउंडात आकडे दिले म्हणून. पण आपल्या तपासणीत ती चूक सापडली नाही हे नासाने उघड कबूल केलं. इथे कबूल करायला कोणी तयारच नाही. पेटीवर नाव आमचं आहे, त्यामुळे रात्री फोन बाणेरला जात नाही, मला येतो.

मित्राने नव्याने प्रोग्राम लिहायला घेतलाय. तो होईपर्यंत दर साठ दिवसांनी चाळीसही ठिकाणी जाऊन कार्डं बदलायची, असं ठरवलंय. उद्या पहाटे पाचला निघतोय, पहिलं ओतूर. काकांना सांगितलंय, मी येईपर्यंत विहिरीवर जाऊ नका. कांदा वाळला तर भरपाई मी देईन.