इंटरनेट जिनिव्हाला द्यायचंय? मग असं करा

इंटरनेटचा कारभार अमेरिकेकडून काढून जिनिव्हात बसणाऱ्या देशांच्या समितीकडे द्यावा, असं तुमचंही म्हणणं असेल तर ही कृती तुमच्यासाठी. पहिलं म्हणजे ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला गाडी अडकली की शेजारच्याला ठणकावून सांगा, इंटरनेट काय अमेरिकेच्या बापाचं आहे का! तो जर शहाणा निघाला आणि म्हणाला, अहो इंटरनेटवरची नावं-पत्ते सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेवरचा अमेरिकन सरकारचा करार १ ऑक्टोबर २०१६ लाच संपला, तर लगेच विचारा, मग ऑफिस कॅलिफोर्नियात कसं? पठ्ठ्या गप्प बसतो.

आता तोडगा सुचवा. तो तयारच आहे, २०११ मध्ये आपल्याच सरकारने संयुक्त राष्ट्रांत मांडला होता. ५० देशांची समिती, वर्षातून दोन आठवडे जिनिव्हात बसणार आणि इंटरनेटची धोरणं ठरवणार. आमच्या सोसायटीत २२सुद्धा कमिटी मेंबर नाहीत तरी पाहुण्यांच्या पार्किंगचा ठराव दिवाळीपासून लटकलाय, पण ते सोडा, देशांचं तसं नसतं, ते समजूतदार असतात.

किती समजूतदार ते दुबईत २०१२ ला दिसलं. आयटीयूचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेचा, नवा करार आला (संस्था १८६५ ची, तारांसाठी काढलेली, आपण तार २०१३ ला बंद केली तरी हिचं दुकान जोरात), ८९ देशांनी सही केली, त्यात रशिया, चीन, इराण, म्हणजे नागरिकांच्या बोलण्यावर जीव ओवाळून टाकणारी मंडळी. इंटरनेट अशांच्या हाती सुखरूप राहील याबद्दल शंका घेऊ नका. भारताने तिथे सही केली नाही हे मात्र बोलू नका, उगाच मूड जातो.

आणि सरकारांना बटण कशाला द्यायचं असं कोणी विचारलंच तर सांगा, बटण आहेच की! २०२१ ला राजस्थानात शिक्षकांच्या रीट या पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून जिल्हेच्या जिल्हे मोबाइल नेट बंद होतं. त्याला कुठे जिनिव्हा लागली? आता फक्त तेच जागतिक पातळीवर, टाय लावून करायचं.

एवढं सगळं पटवून घरी आलात आणि नेटच नसेल तर गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीला सुतळीने बांधलेला एक डबा दिसेल, झाकण अर्धवट, आतल्या वायरींना काळी टेप, खाली मेट्रोवाल्यांनी खोदलंय. हा डबा ज्याचा, त्या केबलवाल्याला समितीत ५१ वी खुर्ची द्या. फोन उचलला तर.