मराठी मजकूर म्हणे फोटोत टाका!

‘वेबसाइटवाले लपवतात ती ५ सत्यं’ असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी सोडूनच देणार होतो, पण तो आमच्या वहिनींच्या बचत गटात पोचला आणि अक्कलकोट रोडला घरातून शेंगाचटणी, कडक भाकरी विकणाऱ्या त्या बाया पेज करायचं सोडून कोर्सची फी गोळा करायच्या गोष्टी करायला लागल्या. म्हणून लिहायला बसलो.

पहिलं ‘सत्य’, मोठा कोडिंग कोर्स केल्याशिवाय वेब पेज होत नाही. अहो, एचटीएमएलमध्ये, म्हणजे पेज लिहायच्या खुणांच्या भाषेत, हे हेडिंग, हा परिच्छेद, ही लिंक एवढंच ब्राउझरला सांगायचं असतं. नोटपॅडमध्ये लिहा, इंडेक्स डॉट एचटीएमएल नावानं सेव्ह करा, डबल क्लिक करा, पेज उघडतं, नेटसुद्धा लागत नाही. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीनं सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिली वेबसाइट केली ती असल्याच साध्या टॅगांवर, म्हणजे खुणांवर, १९९१ मध्ये ती जगासाठी खुली झाली आणि तिची प्रत आजही उघडते. ऑनलाइन पेमेंट, लॉगिन वगैरे हवं तर पुढचं शिकावं लागतं, कबूल. पण चटणीचा भाव न फोन नंबर दाखवायला कशाला पाहिजे कोर्स?

दुसऱ्या ‘सत्या’नं मात्र डोकंच फिरवलं. ‘मराठी अक्षरं साइटवर फुटतात, म्हणून सगळा मजकूर फ्लेक्सवाल्याकडून डिझाइन करून फोटो टाका.’ यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. छपाईवाले बऱ्याचदा श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप करतात, त्यात मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं, त्यामुळं त्यांच्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलं की कचरा दिसतो. पण फोनवर आपण टाइप करतो ते युनिकोड, त्यात प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, सेव्ह करायची, हेडमध्ये, म्हणजे पेजच्या न दिसणाऱ्या वरच्या भागात, ही पद्धत ब्राउझरला सांगणारी मेटा चारसेटची एक ओळ टाकायची, झालं. आणि हा मेसेज मराठीतच आलाय ना? फुटला का कुणाच्या फोनवर?

आता फोटो टाकला तर काय होतं बघा. गिऱ्हाइकाला झूम करून वाचावं लागतं, नंबरवर बोट दाबलं तर फोन लागत नाही, शेंगदाणा महागला की भाव बदलायला परत फ्लेक्सवाल्याकडं पळा. डोळ्यानं दिसत नाही त्या माणसाचा फोन पेज वाचून दाखवतो, तो फोटोपाशी येऊन अडतो, अल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, लिहिलं नसेल तर. वजन तर विचारूच नका, यूटीएफ-८ मध्ये एक देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइटचं, म्हणजे हजार चिन्हांचा मजकूर ३ केबी, आणि तोच फोटो ३ एमबीचा आला तर हजारपट! गुगलच्या साइटवाल्यांसाठीच्या मार्गदर्शनातही स्वच्छ लिहिलंय की महत्त्वाचा मजकूर फोटोत घालू नका, सगळ्यांना तो वाचता येत नाही, भाषांतरही होत नाही.

तिसरं, गुगलला दरमहा पैसे दिले तरच शोधात साइट वरच्या जागी दिसते. याचंही उत्तर त्याच मार्गदर्शनात आहे, वरचा नंबर द्यायला गुगल पैसे घेत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. चौथं, शोधात वर यायला ‘सोलापूर चटणी’ पेजवर शंभरदा पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लपवा. हे तर गुगलच्या नियमांत सरळ स्पॅम आहे, साइट खाली जाईल नाहीतर यादीतूनच उडेल.

पाचवं, डॉट कॉम नसेल तर लोक फसवी साइट समजतात. फसवणारेही डॉट कॉम घेतातच की. स्वतःचं नाव हवं तर डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, दरवर्षी पैसे पडतात, तेवढं खरं, पण शिकायला गिटहब पेजेस या पेज नेटवर ठेवायच्या सेवेवर फुकट चढवा.

आणि नवशिक्यांना खरं छळतं ते या पाचांत नाहीच, पेज मोबाइलवर मुंगीएवढं दिसतं. हेडमध्ये मेटा व्ह्यूपोर्टची, म्हणजे पेज फोनच्या रुंदीला बसवा असं सांगणारी, ओळ राहिलेली असते, ती टाका.